बंद पडल्यावर किती वेळात?

नागपूरहून अमरावती रोडने निघालं की वाडी लागते. देशाच्या चारही दिशांनी येणारा माल इथल्या गोदामांत उतरतो आणि इथूनच पुढच्या गाडीत चढतो. समजा, एका संध्याकाळी ट्रक भरून तयार आहे. ताडपत्री बांधून झाली, ड्रायव्हर जेवून आला, तरी गाडी जागची हलत नाही, कारण ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू होत नाही. पूर्वी अशा वेळी मुनीमजींनी हाताने बिल फाडलं असतं आणि गाडी वाटेला लागली असती. आज ती सोय उरलेली नाही. पन्नास हजारांवरचा माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ज्यांची वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, त्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने फाडलेलं बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिथून क्रमांक आणि क्यूआर कोड मिळाल्याशिवाय कायद्याच्या लेखी ते बिलच नसतं. माल तयार, माणसं हजर, गिऱ्हाईक वाट बघतंय, आणि एका टेबलाखालच्या डब्यामुळे धंदा उभा.

इतवारीतला किराणा ठोक व्यापारी असो, बुटीबोरीतला कारखानदार असो की धंतोलीतलं पंचवीस खाटांचं रुग्णालय, आज प्रत्येकाचं काम कॉम्प्युटरवर बेतलेलं आहे. पण कॉम्प्युटर आले कसे ते आठवून पाहा. आधी टॅलीसाठी एक आला. मग स्टॉकसाठी दुसरा, मग कुणीतरी सांगितलं म्हणून सर्व्हर, मग कॅमेरे, मग व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरींसाठी एक फोन. प्रत्येक वस्तू गरजेपोटी आली, पण या सगळ्यांची मिळून एक रचना आहे आणि ती कुणीतरी आखायला हवी, हे बहुतेक ठिकाणी कुणाच्या मनात आलं नाही. आखलेली रचना आणि साचत गेलेलं सामान यांतला फरक रोजच्या कामात दिसत नाही. तो दिसतो काहीतरी बंद पडल्यावर.

म्हणून यंत्रणेची पारख करताना मला एकच प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो : ही बंद पडली तर किती वेळात, कुणाच्या हातून आणि कशाच्या आधारावर पुन्हा उभी राहील? कधीच बंद पडणार नाही अशी यंत्रणा कुणी विकत असेल तर ती घेऊ नये. तशी ती जगात कुठेही नाही.

यामागचं गणित अगदी सोपं आहे. वीज, यूपीएस, सर्व्हर, इंटरनेट आणि सॉफ्टवेअर या पाच गोष्टी एकामागोमाग चालल्या तर बिल निघतं. प्रत्येक गोष्ट वर्षातले ९९ टक्के दिवस चालते असं धरू. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण पाचही एकाच वेळी चालू असण्याची शक्यता काढायला ९९ टक्क्यांचा पाच वेळा गुणाकार करावा लागतो आणि उत्तर येतं सुमारे ९५ टक्के. म्हणजे वर्षातले जवळपास अठरा दिवस काम बंद. साखळीत कडी वाढली की भरवसा घटतो. एखादं नवं यंत्र किंवा नवं सॉफ्टवेअर आणताना हा गुणाकार लक्षात ठेवावा. कमी कड्यांची साधी यंत्रणा ही दिखाऊ यंत्रणेपेक्षा जास्त दिवस चालते.

हेच गणित उलट्या बाजूनेही कामाला येतं. ९९ टक्के चालणारी एक इंटरनेट लाइन वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद राहील. तशाच दोन लाइनी घेतल्या, तर दोन्ही एकदम बंद असण्याची वेळ वर्षाकाठी तासाभराच्या आत येते. मात्र त्याला एक अट आहे : दोघींचं बंद पडणं एकमेकींवर अवलंबून नको. नागपुरात गेल्या काही वर्षांत सिमेंट रस्त्यांसाठी, मेट्रोसाठी, पाण्याच्या नळांसाठी जे खोदकाम झालं, त्यातून ही अट किती महत्त्वाची आहे ते कळतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन केबली घेतल्या, बिलं दोन भरली, पण दोन्ही केबली त्याच चरातून किंवा त्याच खांबावरून आल्या असतील, तर जेसीबीचा एकच फटका दोन्हींना पुरतो. त्यापेक्षा एक लाइन जमिनीतल्या फायबरची आणि दुसरी मोबाइल टॉवरवरून येणारी घ्यावी. पैसे तेवढेच लागतील, आणि आधार खरोखर दोन मिळतील.

नागपूरची हवा हाही या विषयाचा भाग आहे. पुण्या-मुंबईतल्या सल्लागारांच्या कागदांत तो फारसा येत नाही. इथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. सर्व्हरच्या खोलीत १८ ते २७ अंशांच्या दरम्यान तापमान असावं, असं शीतकरणाच्या क्षेत्रातले अभियंते मानतात. यूपीएसमधल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंश गृहीत धरून सांगितलेलं असतं, आणि त्यावर दर आठ-दहा अंशांमागे ते जवळजवळ निम्मं होतं. पत्र्याच्या छताखाली, पोटमाळ्यावर ठेवलेला यूपीएस एप्रिल-मेमध्ये कसा भाजून निघत असेल याचा विचार करा. चार वर्षं टिकेल म्हणून घेतलेली बॅटरी दीड-दोन वर्षांत मान टाकते, आणि ते कळतं ते वीज गेल्यावरच. त्यात आपल्याकडे कूलरची सवय. वाळ्याचे पडदे आणि पाण्यावरून येणारी गार हवा माणसाला सुखावते, पण त्या हवेत ओल असते आणि वैदर्भीय उन्हाळ्याची धूळही. सर्व्हरला ती चालत नाही. त्याला लहानशी का होईना, बंद खोली आणि एसी लागतो. तेवढी ऐपत नसेल तर सर्व्हर न घेतलेला बरा.

उन्हाळ्याची सवय असलेल्या या शहराला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पाण्याने गाठलं. २२ तारखेच्या रात्री सुरू झालेल्या पावसाने २३ च्या पहाटेपर्यंत, अवघ्या काही तासांत, शंभर मिलिमीटरची रेषा ओलांडली. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घरांत पुरुषभर पाणी चढलं. सीताबर्डीला मोरभवन बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. लष्कर आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला बोटी घेऊन लोकांना बाहेर काढावं लागलं, आणि काही जीव गेले. त्या जिवांपुढे कॉम्प्युटरची गोष्ट लहान आहे. तरीही शनिवारच्या त्या सकाळी तळघरांतली आणि तळमजल्यांवरची दुकानं, ऑफिसं, दवाखाने उघडले तेव्हा अनेकांच्या समोर चिखल होता, आणि त्या चिखलात त्यांचे हिशोबही होते.

आपल्या इमारतींत कॉम्प्युटरची जागा ठरते कशी ते पाहा. दर्शनी भाग गिऱ्हाइकासाठी, वरचा मजला मालकासाठी, आणि यूपीएस, इन्व्हर्टर, सर्व्हर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर अशा आवाज करणाऱ्या, वायरींनी भरलेल्या गोष्टी तळघरात किंवा जिन्याखाली. कमी भावाची जागा म्हणून तिथे सगळ्यांत मोलाची माहिती ठेवली जाते. बॅकअपची हार्ड डिस्कही बहुधा त्याच टेबलाच्या खणात असते. पाण्याला सर्व्हर कुठला आणि बॅकअप कुठला हे कळत नाही. एकाच खोलीतल्या दोन प्रती म्हणजे आपत्तीच्या हिशेबात एकच प्रत.

पण प्रती वेगवेगळ्या देशांत असल्या, तरी बुडता येतं. हे जगाला शिकवणारी घटना २०१७ साली घडली आणि तिचा धक्का थेट महाराष्ट्राच्या किनाऱ्याला बसला. २७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. हे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही मर्स्क या डॅनिश जहाज उद्योगाची कंपनी आहे. नागपुरातून कंटेनर रेल्वेने जातात ते याच बंदराकडे. कोणता कंटेनर कुणाचा, कोणत्या जहाजावर चढायचा, कोणत्या ट्रेलरवर उतरायचा, हे सांगणारे कॉम्प्युटर काळे पडले होते. क्रेन धडधाकट होत्या, जहाजं धक्क्याला होती, आणि काम मात्र हाताने, कागदावर, मुंगीच्या वेगाने चालू होतं.

या संकटाचं मूळ होतं युक्रेनमध्ये. तिथल्या व्यवसायांत कराचा हिशोब ठेवायला एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून, नेहमीच्या अपडेटच्या वाटेने, नॉटपेट्या हा विनाशकारी प्रोग्राम गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर पोचवला. मर्स्कच्या ओडेसा कार्यालयात हिशोबाच्या कामासाठी एका कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर घातलेलं होतं. त्या एका कॉम्प्युटरवरून नॉटपेट्या कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. विंडोजमधली जी फट तो वापरत होता तिचा इलाज मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे तीन महिने आधी, दिला होता. पण तो इलाज केलेले कॉम्प्युटरही वाचले नाहीत, कारण एका यंत्राच्या स्मृतीत पडून राहिलेले पासवर्ड चोरून तो पुढच्या यंत्रात शिरत होता.

खरा धडा यापुढे आहे. मोठ्या कंपनीत कोण कर्मचारी, त्याचा पासवर्ड काय, त्याला काय उघडण्याची मुभा, याची नोंद ठेवणारे खास सर्व्हर असतात. त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. हे नसले तर बाकी सगळं सुस्थितीत असूनही कुणाला आत शिरता येत नाही. मर्स्ककडे असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची नक्कल सतत जुळवून घेत होते. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब होता. दीडशेही एकदम जातील हे कुणी धरलं नव्हतं. त्या दिवशी जवळपास तेच झालं. इतर सर्व्हरांचे बॅकअप सापडले, पण या नोंदीचा बॅकअप कुठेच नव्हता.

शेवटी असा एक सर्व्हर शाबूत सापडला, आफ्रिकेतल्या घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला राहिला आणि वाचला. तिथून माहिती इंटरनेटने पाठवायला अनेक दिवस लागले असते, इतकी लाइन मंद होती. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो ती घेऊन लंडनला पोचला. पुढच्या दहा दिवसांत मर्स्कने ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० सॉफ्टवेअर नव्याने उभी केली. हे आकडे कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोसला जाहीरपणे सांगितले. नुकसान अंदाजे २५ ते ३० कोटी डॉलरचं होतं.

सतत जुळवून घेतली जाणारी नक्कल आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकलेमुळे एक यंत्र मोडलं तरी काम चालू राहतं. पण कुणी चुकून खातं पुसलं, किंवा व्हायरसने फाइल कुलूपबंद केली, तर तीच चूक पुढच्या क्षणी नकलेतही उतरते. ऑफिसातलं फोल्डर आपोआप ऑनलाइन जुळवून ठेवणाऱ्या सोयींवर विसंबून ‘आमचा बॅकअप आहे’ असं म्हणणारे अनेक जण असतात. त्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी. जुन्या तारखांच्या प्रती वेगळ्या जपल्या जात असतील, तरच त्याला बॅकअप म्हणता येईल. आणि त्यांतली निदान एक प्रत एरवी कशालाही जोडलेली नसावी.

बॅकअपचा जो नियम आज जगभर सांगितला जातो, तो रुळवला पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने. आपले हजारो फोटो सांभाळता सांभाळता त्याने ठरवलं : माहितीच्या तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी. इतवारीतल्या दुकानाला हे सहज जमण्यासारखं आहे. एक प्रत कामाच्या कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी ऑनलाइन. हार्ड डिस्का दोन घ्याव्यात आणि आलटून पालटून एक घरी न्यावी. घर मात्र त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर नको.

सगळं ऑनलाइन ठेवलं की चिंता मिटली, असंही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. ज्यांची वेबसाइट त्या इमारतीत आणि बॅकअपही त्याच आवारात होता, अशा अनेक गिऱ्हाइकांची माहिती कायमची गेली. क्लाउड म्हणजेही कुठेतरी असलेली एक इमारत, तिथली वीज, तिथला एसी आणि तिथला पहारेकरी. आपली प्रत कुठल्या शहरात आहे आणि दुसरी कुठे आहे, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

बॅकअप घेणं आणि तो परत उभा करता येणं, यांतही अंतर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. तिथे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आणि वेळ आली तेव्हा पाचांपैकी एकही धड कामाची निघाली नाही. दुसऱ्या कामासाठी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीमुळे कंपनी वाचली, तरी मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. हे जगभरच्या प्रोग्रामरांना सेवा देणाऱ्या कंपनीत घडलं. म्हणून ‘बॅकअप होतो का?’ हा प्रश्न अपुरा आहे. मालकाने विचारावं : ‘शेवटचा बॅकअप उघडून कुणी आणि कधी पाहिला?’

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. तिथे यंत्रणा बंद पडली नाही, ती चुकीची उत्तरं देत चालू राहिली. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्याच्या मार्गाने आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यावर पाठवले गेले. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न एटीएमकडून बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत जायला हवा होता. हल्लेखोरांनी मध्येच स्वतःची बनावट यंत्रणा बसवली आणि तीच ‘द्या’ म्हणून उत्तरं देत राहिली. एका बाजूला पैसे बाहेर पडत होते आणि दुसऱ्या बाजूच्या खतावणीत त्याची नोंद नव्हती. दोन वह्यांची मिळवणी करण्याची आपल्या पेढ्यांची जुनी शिस्त इथे उपयोगी पडते. गल्ल्यातली रोकड आणि रोकड वहीतली शिल्लक रोज रात्री जुळवल्याशिवाय मुनीम घरी जात नसत. बँकेचं स्टेटमेंट आणि टॅली, स्टॉकचं सॉफ्टवेअर आणि गोदामातली पोती, ई-वे बिलं आणि आपली बिलं, यांची मिळवणी रोज आणि शक्य तिथे यंत्राकडून व्हायला हवी. महिनाअखेरीपर्यंत थांबणं आता परवडत नाही.

बदल कसा करावा, याचं शिक्षण तर आपल्या सरकारनेच देशाला दिलं आहे. ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८ पासून देशभर एकदम सक्तीचं होणार होतं. पहिल्याच दिवशी पोर्टल भार न सोसून कोलमडलं आणि सक्ती पुढे ढकलावी लागली. दुसऱ्या खेपेला शहाणपण वापरलं गेलं. १ एप्रिलपासून फक्त राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी आणि मग राज्यांतर्गत मालासाठी काही राज्यांचा एकेक गट घेत ती पद्धत लागू झाली, आणि ती टिकली. १ जुलै २०२५ पासून तर ई-वे बिलाचं दुसरं पोर्टलही सुरू झालं. पहिलं बंद असेल तेव्हा दुसऱ्यावरून बिल काढता यावं आणि दोन्हींची माहिती जुळत राहावी, अशी ही रचना आहे. वाडीच्या प्रत्येक ट्रान्सपोर्ट ऑफिसात या दुसऱ्या पोर्टलचा पत्ता भिंतीवर लिहिलेला असावा.

एकदम सगळीकडे बदल केला की काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला उभ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सकाळी पावणेदहाच्या सुमारास, आपल्या घड्याळाप्रमाणे, एक सदोष अपडेट पाठवला. तासा-सव्वातासात चूक ओळखून तो मागे घेतला गेला, पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले होते. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. अडकलेल्या यंत्रांपैकी कितीतरी यंत्रांजवळ माणसाला स्वतः जाऊन एक फाइल पुसावी लागत होती. अनेक कंपन्यांत त्यासाठी लागणाऱ्या कुलपाच्या किल्ल्या, म्हणजे डिस्क उघडण्याचे लांबलचक अंक, ज्या सर्व्हरवर ठेवले होते तो सर्व्हरच बंद होता.

अपडेट लावला नाही तर नॉटपेट्या आणि लावला तर क्राउडस्ट्राइक, मग करावं काय? माझं उत्तर स्पष्ट आहे : अपडेट लावावेच, पण आधी कमी महत्त्वाच्या एका कॉम्प्युटरवर लावावेत, दोन दिवस काम करून पाहावं आणि मग बाकीच्यांवर. मार्चअखेरीला किंवा रिटर्न भरण्याच्या तारखेला यंत्रणेला हात लावू नये. आणि चोरीचं विंडोज, लायसन फोडलेली टॅली वापरत असाल तर हे सगळं व्यर्थ आहे, कारण तिथे दुरुस्ती पोचेल याचा भरवसा नसतो.

आता माणसांकडे वळू. छोट्या धंद्यात सगळ्यांत कच्ची कडी बहुधा हीच असते. ‘आमचा कॉम्प्युटरवाला बघतो’ हे वाक्य मध्यम व्यवसायांत सर्रास ऐकू येतं. तो मुलगा प्रामाणिक असतो, हुशार असतो, रात्री-अपरात्री धावून येतो. पण राउटरचा पासवर्ड त्याच्या डोक्यात, वेबसाइटचं डोमेन त्याच्या नावावर, ऑनलाइन बॅकअपचं खातं त्याच्या ई-मेलवर असेल, तर त्याला पुण्यात नोकरी लागली त्या दिवशी धंद्याचं काय होईल? यात त्याचा दोष नाही. मालकाने कधी विचारलंच नाही.

असंच एक ताजं उदाहरण ओटीपीचं. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर सगळ्यांनाच पासवर्डसोबत ओटीपी सक्तीचा झाला. ही सुरक्षेची चांगली गोष्ट आहे. पण पोर्टलवर एकच नाव आणि मालकाचा एकच मोबाइल नोंदवलेला असेल आणि मालक विमानात असेल, तर त्या दोन तासांत बिल निघणार नाही. पोर्टलवर कर्मचाऱ्यांसाठी वेगळी उपखाती काढता येतात, प्रत्येकाच्या स्वतःच्या मोबाइलसह. त्याने दोन कामं साधतात : कुणा एकावाचून अडत नाही, आणि कोणतं बिल कुणी काढलं हेही कळतं. एकच पासवर्ड सगळ्या ऑफिसाने वापरण्याची रीत यासाठीच बंद करायला हवी.

यासाठी मी एका साध्या वहीचा आग्रह धरतो. कागदाचीच वही. तिच्यात प्रत्येक यंत्र कुठे आहे आणि कधी घेतलं, कोणतं सॉफ्टवेअर कुणाच्या नावावर, डोमेनचं आणि लायसनचं नूतनीकरण कोणत्या तारखेला, कोणता सिम कोणत्या पोर्टलला जोडलेला, बॅटरी कधी बदलली, इंटरनेटवाल्याचा तक्रार क्रमांक काय, हे लिहिलेलं असावं. आणि सगळ्यांत आधी, वीज आल्यावर काय कोणत्या क्रमाने सुरू करायचं, ते. मुख्य पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, तिजोरीत. नवा माणूस ही वही वाचून, कुणाला फोन न करता, दुकान सुरू करू शकला की वही पुरी झाली असं समजावं. मोठ्या कंपन्या यासाठी महागडी सॉफ्टवेअर घेतात, पण पन्नास माणसांच्या कारखान्याला दोनशे पानी वही पुरते, आणि वीज गेली तरी ती उघडते.

कायदाही आता याच दिशेला आला आहे. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्या आणि हिशोब सॉफ्टवेअरवर ठेवणाऱ्या प्रत्येक व्यवसायाने १ एप्रिल २०२३ पासून अशाच हिशोब-सॉफ्टवेअरवर काम करायचं आहे, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. हिशोबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यायचा, असा नियम २०२२ मध्येच झाला. सायबर हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवायचं आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, हे बंधन २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने आलं. अनेक जण याकडे सीएच्या फाइलीतली आणखी एक खूण म्हणून पाहतात. माझ्या मते या थोड्या अटी मनापासून पाळल्या, तर यंत्रणेचा निम्मा पाया आपोआप घातला जातो.

खर्चाचा प्रश्न राहतो. त्याचं उत्तर मालकानेच दोन आकड्यांत द्यायचं असतं, कॉम्प्युटरवाल्याने नाही. किती तासांचं काम पुन्हा टाइप करावं लागलं तर चालेल, हा पहिला. किती तास काम पूर्ण बंद राहिलं तर चालेल, हा दुसरा. धंतोलीतल्या रुग्णालयाला दुसरा आकडा काही मिनिटांचा लागेल आणि त्यासाठी दुसरा सर्व्हर तयार ठेवावा लागेल. कापसाच्या व्यापाऱ्याला हंगामात चार तास जड जातील, जूनमध्ये दोन दिवस चालतील. ज्या गोष्टीविना दोन दिवस भागतं तिच्यावर रुग्णालयाइतका खर्च करू नये, आणि ज्या गोष्टीविना तासभरही भागत नाही ती जिन्याखाली ठेवू नये. हे दोन आकडे कागदावर आले की विक्रेत्याशी बोलणं सोपं होतं, कारण मग तो काय विकतोय यापेक्षा आपल्याला काय हवंय हे आपल्याला ठाऊक असतं.

वाचक व्यवसाय करत असतील तर त्यांना माझी एकच विनंती आहे. येत्या शनिवारी दुकान वाढवल्यावर बॅकअपची डिस्क घ्या, ती दुसऱ्याच एखाद्या कॉम्प्युटरला जोडा आणि कालचं शेवटचं बिल त्यातून उघडून पाहा. घड्याळ लावून किती वेळ लागला ते वहीत लिहा, तारीख घाला आणि खाली सही करा. बिल उघडलं नाही, तर सोमवारी दुकान उघडल्यावर पहिलं काम तेच.